परातीतला निशिगंध

दसऱ्यानंतर आठवडाभराने मी स्टीलच्या मोठ्या परातीत खोबरेल तेल ओतलं, फ्रिजमध्ये ठेवून गोठवलं, त्यावर पाव किलो निशिगंधाची फुलं उलटी मांडली आणि वर दुसरी परात पालथी घातली. दुपारी उघडून बघते तर तेलाचं पाणी झालेलं आणि फुलं त्यात पोहतायत. पुण्यातला ऑक्टोबर तो. संध्याकाळपर्यंत परातीला आठ दिवस पाणी न बदललेल्या फुलदाणीचा वास सुटला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन नाकाला पदर लावून म्हणाली, "काय गं, कोण गेलं?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे निशिगंध दोन वेळा भेटतो. एकदा माणूस खुर्चीत बसलेला असतो तेव्हा आणि एकदा आडवा असतो तेव्हा. निरोप समारंभ, सत्कार, लग्नातले हार, गाडीच्या बॉनेटवरची जाळी, आणि मग शेवटचा हार. मोगरा केसात जातो, सोनचाफा ओंजळीत येतो, बकुळ वहीत राहते. निशिगंध मात्र किलोवर येतो आणि दोऱ्यात जातो. इतकं सुगंधी फूल, पण त्याचा वास कुणी अंगाला लावावा असं आपल्याकडे कुणाला वाटत नाही. मला वाटायला लागलं ते एका एवढ्याशा कुपीमुळे.

मैत्रिणीने परदेशातून येताना जुन्या अत्तरांच्या नमुन्यांची पुडी आणली होती, दोन-दोन मिलीलीटरच्या कुप्या. त्यातली एक होती फ्राका. 1948 साली पॅरिसमध्ये रोबेर पिगे या फॅशनवाल्यासाठी जेर्मेन सेलिए नावाच्या बाईने बनवलेलं हे अत्तर. तेव्हा त्या धंद्यात बायका जवळजवळ नव्हत्याच. निशिगंधाची अत्तरं म्हटलं की जगभर आजही पहिलं नाव हेच घेतात. मी मनगटावर थेंब लावला आणि चमकले. निशिगंधच, पण लोण्यात घोळलेला. हार नाही, हॉल नाही, ओल्या दोऱ्याचा वास नाही. रात्री झोपताना आला, सकाळी उशीवरही होता.

तेव्हापासून डोक्यात किडा. हे फूल आपल्या पायाशी ढिगाने पडलेलं असतं. पुणे, सातारा, सांगलीकडचे शेतकरी ते टोपल्या भरून पाठवतात. मग आपला निशिगंध आपल्या पद्धतीने का करू नये? फ्राकाची नक्कल करायची नव्हती, जमलीही नसती. पण त्या जुन्या फुलाला थोडी ऊब द्यावी, एवढंच ठरवलं होतं. मी व्यवसायाने हिशेब तपासनीस. अत्तराचं शिक्षण शून्य. दोन वर्षांपासून पुस्तकं वाचून आणि बाटल्या फोडून जे शिकले तेवढंच.

निशिगंध मुळात मेक्सिकोचा. तिथल्या जुन्या नहुआत्ल भाषेत त्याला 'ओमिशोचित्ल' म्हणत, म्हणजे हाडाचं फूल. पांढऱ्या, मेणचट पाकळ्या पाहिल्या की नाव पटतं. गुलाबासारखा तो भट्टीवर चढवता येत नाही, उकळलं की वास बिघडतो. दक्षिणेत, तमिळनाडू-कर्नाटकातल्या कारखान्यांत, हेक्झेन नावाच्या द्रावकात त्याचा अर्क काढतात आणि त्यापासून ॲब्सोल्यूट, म्हणजे फुलाचा घट्ट, तीव्र अर्क, बनवतात. घरात हेक्झेन आणायची माझी हिंमत नव्हती. उरला जुना मार्ग, चरबीचा. फ्रान्समधल्या ग्रास गावात काचेच्या तावदानांवर शुद्ध केलेली जनावरांची चरबी फासून त्यावर फुलं मांडत. त्याला आँफ्लराज म्हणतात. निशिगंध आणि मोगऱ्याच्या जातीची फुलं खुडल्यावरही वास सोडत राहतात, चरबी तो पीत राहते. खुडलेला गुलाब असा दम धरत नाही, म्हणून तो भट्टीवर जातो. आपल्याकडे हेच काम तीळ करायचे. तिळांचे आणि फुलांचे थर देऊन, फुलं बदलत राहून, मग ते तीळ घाण्यावर काढायचे. फुलेल म्हणतात ते हेच. तिळाचा स्वतःचा वास मला नको होता, म्हणून मी तो रस्ता सोडला.

ऑक्टोबरच्या फजितीनंतर दोन गोष्टी कळल्या. थंडीची वाट बघायची आणि नुसत्या खोबरेलावर भिस्त ठेवायची नाही. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांवर वितळतं, त्याला घट्टपणा देणारं काहीतरी हवं. साजूक तुपाचा स्वतःचा वास येतो. डालड्याचा विचार केला, डबा उघडून हुंगला आणि बंद केला. मग आठवलं कोकमतेल. आई राजापूरकडची. दर हिवाळ्यात मामाकडून तिच्या भेगाळलेल्या टाचांसाठी कोकमतेलाचे पांढरे गोळे येतात. जवळजवळ वासहीन, वितळायला चाळिशीच्या आसपास तापमान लागतं आणि लवकर खवट होत नाही. याहून काय हवं?

"आणि माझ्या टाचांचं काय?" आई म्हणाली.

"आई, शंभर ग्रॅम फक्त."

"शंभर ग्रॅममध्ये माझे दोन हिवाळे जातात."

शेवटी दिले तिने, पण परत देण्याच्या बोलीवर.

डिसेंबरात तीनशे ग्रॅम रिफाइंड खोबरेल (कच्च्या घाण्याचं नाही, त्याला खोबऱ्याचा वास येतो) आणि शंभर ग्रॅम कोकमतेल एकत्र वितळवून दोन परातींत पातळ थर दिला. गोठल्यावर काट्याने त्यात उभ्या-आडव्या रेघा ओढल्या, म्हणजे चरबीचा जास्त भाग फुलाला लागतो. आणि पुन्हा माती खाल्ली. फुलं आणली होती कोपऱ्यावरच्या हारवाल्याकडून. तो दिवसभर त्यांच्यावर पाणी मारतो. पाचव्या दिवशी झाकण उचललं तर आंबूस भपका, कडेला काळी बुरशी. चारशे ग्रॅम चरबी कचऱ्यात. त्यात मामाचं कोकमतेल. आईने काही म्हटलं नाही, नुसतं डब्याकडे बघितलं.

तिसऱ्या खेपेला मी पहाटे मार्केट यार्डातल्या फुलबाजारात गेले. तिथे निशिगंध दोन तऱ्हेचा येतो. डबल म्हणजे भरगच्च पाकळ्यांचा, दांड्यासकट, फुलदाणीसाठी. दिसायला देखणा, वासाला बेताचा. सिंगल म्हणजे एकेरी पाकळ्यांचा, सुटा, हारांसाठी. मला हवा होता सिंगल, कळ्यांचा, पाणी न मारलेला. विकणारी बाई म्हणाली, "ताई, पानी नाही मारलं तर वजन कुठनं येनार?" हसलो दोघी. तिने आतल्या पोत्यातून कोरड्या कळ्या काढून दिल्या. त्यानंतर जवळजवळ रोज मी तिच्याकडेच. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "रोज एवढे हार कुनाला घालता?" खरं सांगितलं तर म्हणाली, "तेलात? मग खानार का?"

घरी आल्यावर कळ्या वर्तमानपत्रावर पसरायच्या, पंख्याखाली अर्धा तास सुकू द्यायच्या, देठाकडचा हिरवा भाग नखाने खुडायचा आणि एकेक कळी तोंड खाली करून चरबीवर ठेवायची, दाबायची नाही. दीडशे ग्रॅम कळ्या मांडायला पाऊण तास लागतो. रात्रभरात त्या उघडतात. सकाळी परात उचलली की खाली शंभर पांढरी तोंडं चरबीत खुपसलेली दिसतात. संध्याकाळी चिमट्याने काढायची. तोवर कडा तपकिरी, हाताला गुळगुळीत. एखादी जरी पाकळी राहिली तरी तिथे सडते, म्हणून टॉर्च मारून शोधायची. असे अठरा दिवस. दोन दिवस घरात पाहुणे होते, तेव्हा परात बेडरूममधल्या कपाटात, साड्यांच्या खाली.

पहिले तीन दिवस चरबीला चरबीचाच वास. सातव्या दिवशी काकडीसारखं हिरवं, कच्चं काहीतरी. दहाव्या दिवशी मला वाटलं बिघडलं, कारण मुरगळलेल्या पायाला चोळतात त्या गंधपुरा तेलाचा वास यायला लागला. मग वाचलं की तो निशिगंधाचाच भाग. गंधपुऱ्यात जे मिथाइल सॅलिसिलेट असतं ते या फुलातही असतं. आपण हारात हुंगतो तेव्हा ते बाकीच्या गोडव्यात लपतं, चरबीने ते आधी पकडलं इतकंच. पंधराव्या दिवसानंतर एका सकाळी झाकण उचललं आणि लोणी. खरंच लोणी, वर किंचित पुदिना आणि खाली काहीतरी मांसल, जरासं शिळं. त्या शिळेपणाचं नाव इंडोल. पांढऱ्या फुलांत तो असतोच. एवढासा असला तर फूल जिवंत वाटतं, जास्त झाला तर आईचा 'कोण गेलं?' हा प्रश्न येतो.

आता चरबीतून वास बाहेर काढायचा तर अल्कोहोल हवं. शुद्ध अल्कोहोल असं सहज घरी आणता येत नाही, त्याला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. मी आधी औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणून थोड्या चरबीवर प्रयोग केला, तर इंजेक्शनआधी दंडाला लावतात त्याच वासात निशिगंध बुडून मेला. मग अत्तरवाल्यांसाठी विकतात ते, कडू रसायन घालून पिण्याला निरुपयोगी केलेलं अल्कोहोल मागवलं. बरणीत चरबी, त्यात तेवढंच अल्कोहोल, बरणी कोमट पाण्यात धरून हलवायची, दिवसातून आठ-दहा वेळा, आठवडाभर. येता-जाता. नवरा फोनवर बोलता बोलता हलवायचा. मग बरणी फ्रीजरमध्ये, मटाराच्या पिशव्यांशेजारी. थंडीने विरघळलेली चरबी गोठून तळाशी बसते, वरचं अल्कोहोल कॉफीच्या फिल्टरमधून गाळून घ्यायचं. असं दोनदा. हातात आलं फिकट पिवळं पाणी. अठरा दिवसांत साधारण पावणेतीन किलो फुलं गेली होती.

त्याचा वास सुरेख होता, पण दबका. शेजारच्या घरात कुणीतरी निशिगंध ठेवलाय असा. म्हणून विकतचं ॲब्सोल्यूट दोन ग्रॅम आणलं. ते गडद तपकिरी, चिकट, हुंगलं तर फूल कमी आणि रबर, मध, ओली माती जास्त. दहा टक्क्यांवर पातळ केलं की त्यातून फूल वर येतं. माझ्या अर्कात ते मिसळलं आणि पुस्तकी वाटेने गेले. नारंगीच्या फुलाचं तेल, जाईचा अर्क, चंदन. जुन्या फ्रेंच अत्तरांचा हा खात्रीचा संसार. आईच्या हातावर लावलं. तिने हात नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाली, "छान आहे. कुणाचा सत्कार आहे?"

अडीच महिने, पावणेतीन किलो फुलं आणि फिरून सत्कार. दुसऱ्याच्या लग्नातली पैठणी नेसून आपण उभं राहावं तसं झालं होतं. सगळं नीट आणि काहीच आपलं नाही. आठवडाभर मी त्याकडे बघितलं नाही.

मग जे झालं ते न्हाणीघरात. उरलेली चरबी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात काढताना हात कोपरापर्यंत तुपट झाले होते. साबण लावला, गेलं नाही. बेसनाला स्वयंपाकघरात जावं लागलं असतं आणि दाराच्या कडीला हात लावायची सोय नव्हती. समोर फळीवर दिवाळीत उरलेलं उटण्याचं पाकीट होतं. तेच दोन्ही हातांवर ओतलं, चोळलं, धुतलं. पुसताना हात नाकाजवळ आले आणि मी तिथेच उभी राहिले. फूल होतं, पण त्याच्या खाली जमीन होती. कोमट, कोरडी, थोडी धुरकट. हॉलमधून उठून ते फूल घरात आलं होतं.

पाकिटाच्या मागची यादी मी पहिल्यांदा वाचली. आयुष्यभर दर नरक चतुर्दशीला अंगाला चोळलेली वस्तू, पण तिच्यात काय असतं हे कधी बघितलं नव्हतं. नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला, आंबेहळद, वाळा, जटामांसी, चंदन. आता बघा, हे सगळं अत्तरवाल्यांचं तळाचं सामान आहे. परदेशी अत्तरवाले यातल्या काही गोष्टी मोठ्या किमतीला मागवतात आणि आपण त्या मोरीत धुवून टाकतो.

दुसऱ्या दिवशी पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात गेले. दुकानदाराने वर न बघताच विचारलं, "उटण्याचं का? दिवाळी झाली की ताई." म्हटलं, उटण्याचंच, पण दळू नका. अख्खं द्या. तेव्हा त्याने वर बघितलं. मग मात्र तो रंगात आला, एकेक डबा काढून माझ्या हातावर ठेवत गेला. शेवटी त्याने एका बाटलीतून नखासारखे तपकिरी चकचकीत तुकडे काढले. नखला. समुद्री शंखातल्या किड्याच्या दाराचं झाकण. कन्नौजकडे हे मडक्यात भाजून त्याच्या धुराचं तेल काढतात. तुकडा तोंडाजवळ नेला तर काहीच नाही, खारट हवा. "जाळून बघा," तो म्हणाला. घरी आल्यावर गॅसवर एक जाळला. केस जळाल्याचा वास आला आणि शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. पुढे मी कन्नौजहून तयार तेलच मागवलं.

प्रत्येक गोष्ट भरड करून, एकास पाच अल्कोहोलमध्ये, तपकिरी बाटल्यांत, चिठ्ठ्या लावून ठेवली. सगळ्यांचं सांगत बसत नाही. वाळा ओळखीचाच, पण त्याने निशिगंध थंड पडला, मला नेमकं उलटं हवं होतं. आंबेहळदीने बाटली पिवळी आणि रुमाल पिवळा केला, वास मात्र दिला नाही. जटामांसीची बाटली उघडली तर आई म्हणाली, "बोकड बांधलाय का?" हिमालयातली ही वनस्पती आता नामशेष होण्याच्या काठावर आहे हेही तेव्हाच वाचलं, त्यामुळे सोडताना वाईट वाटलं नाही. दालचिनी हौसेने घातली आणि कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघितली, तर रात्रीत लाल चट्टा. दालचिनीतलं जे द्रव्य पुलावाला चव देतं तेच कातडीला सोसत नाही. पाच दिवस खाज. तेव्हापासून काहीही नवं आधी कोपरावर, मग बाकी.

कपूरकाचरीने मला जिंकलं. हे कंद सोनटक्क्याच्या भावंडाचे. सुकवलेल्या चकत्या, कडा तांबूस. पहिल्या आठवड्यात नुसता कापूर. तिसऱ्या आठवड्यात कापूर उडाला आणि मागे राहिली जुन्या लाकडी पेटीतल्या रेशमी कापडासारखी मऊ, पिठूळ ऊब. निशिगंधाखाली ती अशी बसली की कुठे फूल संपलं आणि कुठे कंद सुरू झाला हे कळेना. कुळं वेगळी, पण दोघेही रात्री फुलणाऱ्या घरचे. सोनटक्काही संध्याकाळी उमलतो, उगाच नाही.

कस्तुरीभेंडीची मात्र आधी चूक केली. तिच्या बिया राखाडी, मूत्रपिंडाच्या आकाराच्या, अंगावर बारीक रेघा. मी त्या मिक्सरमधून काढल्या आणि महिन्याने बाटलीत शिळ्या शेंगदाण्याचा वास घेऊन बसले. बीच्या आत साधं तेल असतं, ते सगळं उतरलं होतं. कस्तुरीसारखा वास असतो टरफलात. दुसऱ्यांदा बिया नुसत्या बत्त्याने हलक्या चेपल्या, फुटतील न फुटतील अशा, आणि दोन महिने ठेवल्या. आधी पेरूच्या सालीसारखा, नाशपतीसारखा गोडसर वास येतो, मग अंगाचा. स्वच्छ आंघोळ केलेल्या, उन्हात बसलेल्या माणसाच्या मानेचा. हरणाला न मारता मिळणारी कस्तुरी ती हीच. नवऱ्याला हुंगायला दिली तर म्हणाला, "पाणी आहे हे." मला आधी चेष्टा वाटली. पण कस्तुरीच्या जातीचे काही वास काही माणसांना येतच नाहीत, नाक बाकी ठणठणीत असलं तरी. पुढच्या सगळ्या परीक्षांतून त्याला बाद केलं. तो खूश झाला.

नागरमोथा थोडा घातला तर ओली माती आणि चामड्याचा पट्टा, जास्त घातला तर गॅरेज. गव्हल्याने कडू बदामाची किनार दिली, तिने निशिगंधातला लोण्याचा भाग वर काढला. जायपत्री चिमूटभर. आणि मधाच्या जुन्या पोळ्याचं काळपट मेण भिजवून काढलेला अर्क. त्याला मध, गवत आणि थोडा तंबाखू असा वास येतो.

थेंब मोजण्याचा नाद लवकर सोडला. प्रत्येक बाटलीचा थेंब वेगळ्या वजनाचा. सोनारासारखा शतांश ग्रॅमचा काटा घेतला आणि वहीत लिहायला लागले. हे माझ्या पेशाचं काम, इथे मी रमले. सतरावा प्रयोग पास झाला. तीस ग्रॅममध्ये वीस ग्रॅम परातीतला अर्क, दोन ग्रॅम पातळ केलेलं ॲब्सोल्यूट, तीन ग्रॅम कस्तुरीभेंडी, दोन ग्रॅम कपूरकाचरी, दीड ग्रॅम गव्हला, नागरमोथा अर्धा ग्रॅम, बाकी मेण आणि जायपत्री. नखल्याचं तेल एक टक्क्यावर पातळ करून त्याचा एकच थेंब. तो वेगळा ओळखू येत नाही, पण सोळाव्या प्रयोगात तो नव्हता आणि सोळावा गुळमट होता.

बाटली सहा आठवडे कपाटात मुरवली. बाहेर काढली तर गढूळ. कुठेतरी चरबी शिल्लक होती. पुन्हा फ्रीजर, पुन्हा गाळणं, त्यात थोडा वासही गेला. जून उजाडला होता.

आईला काही न सांगता तिच्या मनगटावर लावलं. ती डाळ निवडत होती. एकदा हुंगलं, निवडायला लागली. पुन्हा हुंगलं. मी वाट बघतेय. तिने ताट बाजूला ठेवलं.

"पहिल्या आंघोळीच्या वेळी कुणीतरी हार घेऊन आलंय," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "कोण, ते नाही कळत."

मैत्रिणीला दिलं, तिला फ्राकाच जास्त आवडतं. बरोबर आहे तिचं. फ्राका दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतं, माझं चार तासांत कातडीला चिकटून बसतं आणि मग फक्त उटणं उरतं. फ्राका खोलीत माणसाच्या आधी शिरतं. माझं कळायला गळ्याशी यावं लागतं. फुलवालीलाही एक छोटी कुपी नेऊन दिली. तिने झाकण उघडून हुंगली, गल्ल्याच्या डब्यात ठेवली आणि म्हणाली, "आमाला काय ताई, आमचं नाकच मेलंय या फुलानं."

राहता राहिली धुतलेली चरबी. दोनदा अल्कोहोल फिरवूनही तिच्यातला वास पूर्ण जात नाही. ग्रासमध्ये अशी चरबी साबणवाल्यांना विकत. माझ्याकडे चारशे ग्रॅमच्या आसपास होती. पसरट भांड्यात काढून उरलंसुरलं अल्कोहोल उडवलं (गॅसवर नाही, गरम पाण्यात ठेवून, खिडक्या उघडून), बरणीत भरली आणि बोलीप्रमाणे आईच्या हवाली केली. आता रोज रात्री ती टाचांना लावते, वर मोजे घालते. गेल्या आठवड्यात मामी राहायला आली होती. रात्री दिवा मालवल्यावर तिने विचारलं, "वन्सं, तुमच्या खोलीत निशिगंध कुठे ठेवलाय?" आईने पांघरुणातून पाय बाहेर काढून दाखवले.